एक वाजता सायकल हवी



मी सायकलपटू नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडे ते चकचकीत, अंगाला चिकटणारे कपडे नाहीत. मी पहाटे उठून चामुंडी टेकडीवर सायकल चढवत नाही. आयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी फक्त दुपारी एक वाजता भाड्याच्या सायकलवरून घरी जाणारी बाई आहे. ते म्हणाले, मग त्यावरच बोला. म्हणून आले.

मी मूळची सांगलीची. नोकरीमुळे म्हैसूरला आले आणि तिथलीच झाले. शब्दकोशाचं काम करते, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून एका शब्दाच्या मागे लागायचं काम. आपल्यापैकी जे म्हैसूरला गेले असतील त्यांनी राजवाडा पाहिला असेल, देवराज मार्केटमध्ये फुलं आणि कुंकवाच्या राशी पाहिल्या असतील. ते मार्केट ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव सय्याजी राव रोड. आपले बडोद्याचे सयाजीराव. दसऱ्याची मिरवणूक याच रस्त्यानं जाते. मी नवीन असताना या पाटीजवळून गेले की उगीच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

या गावात ४ जून २०१७ रोजी सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. नाव ‘ट्रिण ट्रिण’. सायकलच्या घंटीचा आवाज, बस. कन्नड, मराठी, हिंदी, कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. नाव ठेवावं तर असं. ४५० सायकली आणि ४८ स्टेशनं. जागतिक पर्यावरण निधीची मदत, केंद्राचा शाश्वत वाहतूक प्रकल्प, राज्य सरकार, असे बरेच हात त्याला लागले होते. वापरणाऱ्याला करायचं काय, तर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंदणी केंद्रावर जायचं, साडेतीनशे रुपये भरायचे, त्यातले अडीचशे अनामत, आणि एक कार्ड मिळवायचं. स्टेशनवर कार्ड दाखवलं की सायकल सुटते. कुठल्याही दुसऱ्या स्टेशनवर नेऊन अडकवली की तुमची जबाबदारी संपली. स्मार्टफोन लागत नव्हता. ही गोष्ट मला आजही फार महत्त्वाची वाटते, त्याबद्दल पुढे बोलेन.

आता माझी गरज काय होती ते सांगते.

माझी आई तेव्हा माझ्याकडे होती. वय ७८. मधुमेह जुना, नजर अधू, हात कापायचे. दुपारच्या जेवणाआधी तिला इन्सुलिन घ्यावं लागे. ते पेन असतं, त्याच्या मागचं चाक फिरवून आकडा लावायचा आणि टोचायचं. तिला तो आकडा दिसत नसे. बरं, टोचलं की पंधरा-वीस मिनिटांत ताट समोर हवं. नाही जेवली तर साखर खाली जाते, आणि म्हाताऱ्या माणसाची साखर घसरली की ती गप्प होते, घाम येतो, आपण काय बोलतोय ते तिला कळत नाही. मी ते एकदा पाहिलं होतं. म्हणून आमच्याकडे नियम एकच होता, सुई आणि ताट एकाच माणसाच्या हातातून.

माझी मुलगी कॉलेजमधून पावणेदोनला घरी येई. उशीर होतो. शेजारी चांगले होते, पण सुईचं काम रोज दुसऱ्यावर टाकता येत नाही. राहिले मी. जेवणाची सुट्टी एक ते दोन. कार्यालय ते घर तीन किलोमीटर.

तीन किलोमीटर हे फार विचित्र अंतर आहे बघा. चालायला लांब, पस्तीस-चाळीस मिनिटं जातात. रिक्षावाल्याला जवळ, तो दुपारी जेवायच्या वेळेला तोंड फिरवतो. बस आधी गावात जाते, मग तिथून दुसरी बस घराकडे. त्रिकोणाच्या दोन बाजू फिरून तिसरी गाठायची. आपल्या बहुतेक शहरांतल्या बसचं हेच आहे, सगळ्या गावाच्या मधोमध जाऊन भेटतात. जिथे माणसाला आडवं जायचंय तिथे बस नसते. मी दोन महिने रिक्षावर भागवलं. रोज बारा चाळीसला छातीत धडधड सुरू व्हायची. आज मिळेल का?

सायकलला पंधरा मिनिटं लागत.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी विचारणार, आणि मला विचारलंही आहे सगळ्यांनी, की मग स्वतःची सायकल का नाही घेतली? चार-पाच हजारांत मिळते. प्रश्न बरोबर आहे, आणि त्याच्या उत्तरात ही योजना कशासाठी असते ते सगळं आहे. मी सकाळी कार्यालयाच्या गाडीनं यायची. दुपारी घरी जायची ती एकटी. परत येताना मुलगी घरी आलेली असे, ती मला स्कूटरवर सोडायची आणि पुढे क्लासला जायची. संध्याकाळी पुन्हा गाडी. म्हणजे मला सायकल दिवसातून एकदाच, एकाच दिशेनं हवी होती. स्वतःची सायकल म्हणजे पाळलेलं जनावर. जिथे नेलं तिथून परत आणावंच लागतं. आज दुपारी घरी नेली तर उद्या सकाळी ती घरीच उभी, आणि उद्या एक वाजता मी पुन्हा कार्यालयाच्या दारात हात हलवत. सार्वजनिक सायकलचा उपयोग नेमका हा आहे, तुम्ही ती वाटेत सोडून देऊ शकता. एकमार्गी प्रवास. ज्यांचा दिवस जाणं-येणं असा सरळ असतो त्यांना हे पटकन कळत नाही. ज्यांचा दिवस तुकड्यांचा असतो त्यांना लगेच कळतं. आणि आपल्याकडे तुकड्यांचे दिवस बहुतेक बायकांचे असतात. शाळा, बाजार, दवाखाना, कार्यालय, पुन्हा शाळा.

मी सायकल शेवटची चालवली होती दहावीत. तीस वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी मी रविवार निवडला, रस्ता रिकामा. सायकल शरीर विसरत नाही हे खरं आहे, पण गुडघे विसरतात. या सायकलींची एक गोष्ट लक्षात घ्या, जगभर कुठेही जा, त्या जड असतात. लंडन, पॅरिसच्या सुरुवातीच्या सायकली बावीस-तेवीस किलोच्या होत्या. मुद्दाम. दिवसभर दहा अनोळखी लोकांनी आपटायची आहे, पावसात उभी राहायची आहे, चोराला तिचे सुटे भाग दुसरीकडे लावता येऊ नयेत म्हणून ते वेगळ्या मापाचे. त्यामुळे ती घरच्या सायकलसारखी भुर्रकन पळत नाही. बैलगाडीसारखी निघते आणि मग एका चालीत जाते. पण मधला दांडा खाली असतो, पाय उंच टाकावा लागत नाही, साखळीवर झाकण असतं. सलवार, साडी, काही अडकत नाही. मी पुढे कितीतरी वेळा साडीवर चालवली.

म्हैसूर सपाट आहे असं गाडीत बसणारे लोक म्हणतात. पायडल मारणाऱ्याला कळतं किती सपाट आहे ते! कुक्करहळ्ळी तळ्याच्या बाजूचा चढ मला आधी कधी दिसलाच नव्हता. सहा वर्षं मी त्या रस्त्यानं गाडीत बसून गेले होते.

आता अर्ध्या तासाची गोष्ट. जवळजवळ प्रत्येक देशात या योजनांमध्ये पहिला अर्धा तास फुकट किंवा अगदी स्वस्त असतो, आणि पुढे दर चढत जातो. लोकांना वाटतं हा काहीतरी लुटायचा प्रकार आहे. तसं नाही. सायकली थोड्या, माणसं फार. एका सायकलनं दिवसात चार ते आठ जणांच्या कामी यावं, असं या क्षेत्रातली नियोजनाची पुस्तकं सांगतात. एकानं ती सकाळी घेऊन कार्यालयाबाहेर कुलूप लावून ठेवली तर ती एकाच माणसाची झाली. म्हणून तिला सतत पळती ठेवायचं, आणि त्यासाठी दर असा लावायचा की माणूस काम झालं की सोडून देईल. सहलीला सायकल हवी असेल, दिवसभर, तर ती दुकानातून भाड्यानं घ्या. ही त्यासाठी नाही. ही बसच्या तिकिटाची बहीण आहे.

पण याच पळतेपणात खरी गोम आहे. सायकली माणसांबरोबर वाहतात, आणि माणसं एका वेळी एकाच दिशेला जातात. सकाळी सगळे घराकडून कामाकडे. घराजवळची स्टेशनं रिकामी, कामाजवळची भरलेली. संध्याकाळी उलटं. उतारावर सगळे सायकल घेऊन जातात, चढावर कुणी परत आणत नाही. पॅरिसमध्ये हा प्रश्न इतका वाढला की उंचावरच्या स्टेशनांवर सायकल नेऊन लावणाऱ्याला पंधरा मिनिटं जास्तीची बक्षीस मिळायला लागली. चढाचे पैसेच म्हणा ना. आणि तरीही प्रत्येक शहरात टेम्पो किंवा ट्रक फिरतो, भरलेल्या स्टेशनवरून उचलून रिकाम्यावर टाकतो. पर्यावरणासाठी सायकल, आणि सायकलसाठी डिझेलचा टेम्पो. हसू येतं, पण त्याशिवाय चालत नाही. या फिरवाफिरवीवरच योजनेचा खर्च आणि योजनेची अब्रू अवलंबून असते. स्टेशन किती सुंदर आहे यावर काही नसतं. मला एक वाजता सायकल हवी आहे. ती तिथे असेल, हा भरवसा, एवढीच ती योजना आहे माझ्या लेखी.

मग मी माझा अभ्यास सुरू केला. कोशाचं काम करणारी बाई, नोंदी ठेवायची सवय. दोन आठवडे एका वहीत लिहिलं, कुठल्या वारी एक वाजता किती सायकली. माझ्या लक्षात आलं की सोमवार-मंगळवार भरपूर असतात, शनिवारी परगावचे लोक फिरत असतात म्हणून कमी. दुसरं स्टेशन चार मिनिटांच्या चालीवर होतं. म्हणून मी सुट्टीची पाच मिनिटं साहेबांकडून मागून घेतली आणि संध्याकाळी भरून द्यायला लागले. हे मी तुम्हाला बारीकसारीक सांगतेय, कारण अशी योजना वापरायची म्हणजे हेच असतं. पहिलं स्टेशन, दुसरं स्टेशन, आणि तिसरा पर्याय रिक्षा. ज्याच्याकडे दुसरा पर्याय ठरलेला नाही त्यानं दुसऱ्याच आठवड्यात कार्ड कपाटात टाकलेलं असतं.

आणि मला एक मदतनीस मिळाली. स्टेशनच्या बाजूला एक फुलवाली बसायची. म्हैसूरची मल्लिगे, म्हणजे मोगऱ्याच्या जातीचं फूल, प्रसिद्ध आहे. तिथे गजरा हातानं मोजून देतात, कोपरापासून बोटापर्यंत, त्याला ‘मोळ’ म्हणतात. ती मला फाटकातून बाहेर पडताना लांबून बघायची आणि बोटं वर करायची. तीन बोटं म्हणजे तीन सायकली. मूठ म्हणजे ‘इल्ला’, नाहीत. मूठ दिसली की मी तिथूनच दुसऱ्या स्टेशनकडे वळायची. लोक ॲपमध्ये बघतात, मी तिच्याकडे बघायची. आणि निघताना रोज एकच वाक्य, ‘निधानवागि होगि, अम्मा’. हळू जा हो. माझं कन्नड खरं तर तिथेच सुधारलं. कोशात ‘निधान’ शब्दाला मराठीत वेगळे अर्थ आहेत, तुम्हाला माहीत आहेत. तिच्या तोंडी तो ‘सावकाश’ होता.

एकदा मी तिला म्हटलं, तू का नाही कार्ड काढत? ती पहाटे देवराज मार्केटला जायची फुलं आणायला. ती हसली. म्हणाली, मला येते कुठे सायकल? मग म्हणाली, माझ्या मुलीला येते, तिला शाळेतून मिळाली.

मला हे वाक्य फार दिवस पुरलं. कर्नाटकात सरकारी शाळेत आठवीतल्या मुलामुलींना सायकली द्यायची योजना २००६ च्या सुमारास सुरू झाली. त्याच काळात बिहारनं मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि तिथे नंतर अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशानं वाढलं. शाळा तीच, मास्तर तेच. फक्त शाळेपर्यंतचे चार-पाच किलोमीटर लहान झाले. त्याहून आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची मोहीम झाली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर बाया, खाणीत काम करणाऱ्या बाया, हजारोंनी सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. म्हणजे एका बाजूला गावोगावच्या मुली सायकल शिकून मोठ्या होताहेत, आणि दुसऱ्या बाजूला शहरात सायकल योजना आखताना जी माणसं डोळ्यासमोर असतात ती कोण? लॅपटॉपची बॅग अडकवलेला तरुण. पोस्टरवर तोच असतो. फुलवाली नसते. तिची टोपली पुढच्या जाळीत मावत नाही, तिला पहाटेच निघायचं असतं, आणि तिला चालवायला कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून मघाशी म्हटलं, कार्डाची गोष्ट महत्त्वाची. फोनवरच चालणारी, ऑनलाइन पैसे भरल्याशिवाय न सुटणारी सायकल सार्वजनिक म्हणायची का? खिडकीवर जाऊन, रोख पैसे देऊन कार्ड मिळणं जुनाट वाटेल. पण माझ्यासारख्या नवशिक्यांना आणि फोन मुलाच्या हातात असलेल्या बायकांना तेच दार उघडं असतं.

या कल्पनेचा इतिहास गमतीचा आहे, थोडक्यात सांगते. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये ‘प्रोव्हो’ नावाच्या बंडखोर तरुणांनी काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. घ्या, वापरा, ठेवा. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण कुलूप न लावता सायकल ठेवणं तिथे बेकायदा होतं. मग १९९५ मध्ये कोपनहेगननं नाणं टाकून सुटणाऱ्या सायकली आणल्या. नाण्याच्या किमतीत सायकल मिळाली तर माणूस काय करणार! खूपशा गेल्या. २००५ मध्ये फ्रान्सच्या लिओं शहरात आणि २००७ मध्ये पॅरिसमध्ये कार्ड आलं, आणि सगळं बदललं. कारण आता सायकल कुणी नेली त्याचं नाव माहीत होतं. पॅरिसनं सुरुवातच दहा हजारांच्या आसपास सायकलींनी केली. चीनमधलं हांगझोऊ २००८ मध्ये सुरू झालं आणि काही वर्षांत साठ हजारांच्या पुढे गेलं.

आता आपल्या म्हैसूरचा आकडा घ्या. गाव तेव्हा साधारण नऊ लाखांचं. सुरुवातीला सायकली ४५०. दोन हजार माणसांमागे एक. नियोजनाची जी मापं आहेत त्यात हजार माणसांमागे दहा ते तीस सायकली, आणि दर तीनशे मीटरवर स्टेशन असं सांगितलेलं असतं. म्हणजे आपण तेव्हा किमान वीसपट कमी होतो. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. पहिलं पाऊल होतं, आणि त्या पावलामुळे माझ्या आईचं जेवण वेळेवर झालं. पण ‘भारतात लोक सायकल वापरत नाहीत हो, योजना करून पाहिली, चालली नाही’ असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मी हा भागाकार करून दाखवते. आडात पोहरा बुडेल एवढं पाणी तर हवं.

पुण्याचं तुम्ही विचारणारच. २०१७ च्या डिसेंबरात पुण्यात बिनस्टेशनच्या सायकली आल्या. फोननं चौकोनी कोड टिपायचा, कुलूप उघडायचं, काम झालं की कुठेही सोडायची. आधी औंध, विद्यापीठ, मग रंगीबेरंगी सायकली सगळीकडे. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात पुन्हा सायकली, म्हणून आमच्या म्हैसूरच्या मराठी मंडळींनाही आनंद झाला होता. मग वर्तमानपत्रांत मोडलेल्या सायकलींचे फोटो आले. ओफो ही चिनी कंपनी २०१८ मध्ये भारतच सोडून गेली. लोक म्हणाले, पुणेकरांना शिस्त नाही. मला हे काही पटत नाही. चीनमध्ये अशाच सायकलींचे डोंगर साचले होते, तिथे काय सगळे पुणेकर होते? सायकलला उभं राहायला जागा दिली नाही, ती फुटपाथवर चालणाऱ्याच्या पायात आली, की तिला लाथ बसते. स्टेशन महाग असतं, जागा खातं, ते बांधायला महापालिकेला दहा खात्यांची परवानगी लागते. पण स्टेशन म्हणजे त्या सायकलचं घर. भोपाळनंही २०१७ च्या जूनमध्येच पाचशे सायकलींची योजना काढली, आणि तिथे होशंगाबाद रोडच्या कडेनं सायकलसाठी वेगळा रस्ताही केला. वेगळा रस्ता मिळाला की बायकांची संख्या वाढते. हे मी आकड्यावरून नाही, माझ्या पाठीत बसचा हॉर्न वाजल्यावर माझं काय होतं त्यावरून सांगते.

आणि आताची गंमत बघा. बंगळुरू, मुंबईत विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या छोट्या गाड्या दिसतात ना, त्या सुरू झाल्या तेव्हा मेट्रो स्टेशनपासून कार्यालयापर्यंत जाणाऱ्यांसाठी होत्या. आज त्यावर कोण आहे? आपल्या घरी जेवण आणि किराणा आणून देणारी मुलं. ज्याला खरी गरज होती त्यानं ती शोधून काढली. आखणाऱ्यांच्या नकाशात तो नव्हता.

आई तीन वर्षं माझ्या सायकलची वाट बघायची. तिला लहानपणी मिरजेला सायकलला हात लावू दिला नव्हता. भाऊ चालवायचे, ही मागे कॅरिअरवर. मी दार उघडलं की तिचा पहिला प्रश्न साखरेबद्दल नसायचा. ‘कितव्या नंबरची होती गं आज?’ प्रत्येक सायकलवर नंबर असतो. ती तो कॅलेंडरवर माझ्याकडून लिहून घ्यायची, आणि तोच नंबर परत आला की खूश व्हायची. एकदा म्हणाली, ‘ही परवाचीच आली, म्हणजे गावात फिरून आपल्याकडेच येते बघ.’ गेली ती २०२० मध्ये. ते कॅलेंडर माझ्याकडे आहे. दुपारी आता मी कार्यालयातच डबा खाते, कार्ड वापरते ते शनिवारी मार्केटला जायला.

वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगते, कारण माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते. सायकल सोडवायच्या आधी टायर अंगठ्यानं दाबून बघा, दोन्ही ब्रेक ओढा, आणि पायडल उलटं फिरवून साखळी बघा. दहा सेकंद लागतात. सीटची उंची जरूर बदला. पाय खाली गेला की गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. बहुतेक बायका सीट भीतीनं खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. खराब सायकल मिळाली तर पॅरिसचे लोक तिची सीट उलटी फिरवून ठेवतात, म्हणजे पुढच्याला कळतं. ही पद्धत मला फार आवडली. त्यासाठी ना फोन लागतो ना भाषा. आणि परत लावताना दिवा किंवा आवाज येईपर्यंत जागचं हलू नका. नीट अडकली नाही तर ती रात्रभर तुमच्या नावावर चालू राहते.

तुमच्या शहरात अशी योजना येईल तेव्हा उद्घाटनाला नक्की जा, पण नगरसेवकाला एवढं विचारा: स्टेशन पर्यटकांच्या ठिकाणी आहेत की दवाखाना, भाजीबाजार आणि मुलींच्या शाळेपाशीही आहेत? रिकाम्या स्टेशनवर सायकली कोण आणणार, आणि दिवसातून किती वेळा? फोन नसलेल्या माणसाला कार्ड कुठे मिळेल? आणि रविवारी सकाळी एखाद्या मैदानावर, चार सायकली बाजूला ठेवून, मोठ्या बायकांना शिकवायला कुणी आहे का? हा शेवटचा प्रश्न मी आमच्याकडे विचारला, तेव्हा समोरचा गृहस्थ म्हणाला, ‘मॅडम, मोठ्या बायका कशाला येतील शिकायला?’ मी त्याला फुलवालीचा पत्ता दिला.